लोणारच्या गाळांतील पाऊसपाण्याची बखर

पाऊस पूर्वीपेक्षां कमी झाला कीं जास्त, हा प्रश्न आपल्याकडे दोन मापांनीं मोजण्याची चाल आहे. एक माप वृद्ध माणसांच्या आठवणीचें आणि दुसरें सरकारी पर्जन्यमापकाचें. आठवणीचें माप फार झालें तर तीन पिढ्या मागें पोंचतें. १९७२ चा दुष्काळ स्वतः भोगलेले शेतकरी अद्याप गांवोगांवीं आहेत. १८९९-१९०० चा दुष्काळ मात्र आतां ऐकीव गोष्टींतच उरला असून, १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ पुस्तकांवांचून कोणास ठाऊक नाहीं. दुसरें माप त्याहून फारसें लांब नाहीं. हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. म्हणजे पावसाचे पद्धतशीर आंकडे जेमतेम दीडशें वर्षांचे. याच आंकड्यांच्या सरासरीवर आपलीं धरणें बांधलीं गेलीं, कालवे आंखले गेले, आणि नाशिक-नगरचा शेतकरी व जायकवाडीखालचा शेतकरी यांच्यामधला पाण्याचा तंटाही शेवटीं याच आंकड्यांपाशीं येऊन थांबतो.

परंतु गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांत माणूस पेरणी करूं लागला त्यास सुमारें चार हजार वर्षें झालीं. इतक्या लांबच्या काळांत पावसानें कधीं दोनशें, चारशें वर्षें सलग पाठ फिरविली होती काय, असें कोणीं विचारल्यास वरील दोन्ही मापें मुकीं राहतात. या प्रश्नास उत्तर देणारें एक तिसरें माप आहे, आणि तें ज्या पदार्थाचें बनलेलें आहे तो शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचा आहे. तो पदार्थ म्हणजे तळ्याच्या तळचा गाळ.

गाळ म्हणजे काय हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. उन्हाळ्यांत पाझर तलाव आटला कीं आपण गाड्या, ट्रॅक्टर जोडून तो हलक्या जमिनींत पसरतों. गाळाचा उभा काप ज्यानें नीट पाहिला असेल त्याच्या ध्यानांत आलें असेल कीं तो एकजिनसी नसतो. मोठ्या लोंढ्याबरोबर आलेली जाड रेती खालीं बसते, तिच्यावर बारीक माती निवळते, आणि तिच्यावर पालापाचोळ्याची काळसर रेघ येते. दुसऱ्या वर्षीं हाच क्रम पुन्हा. वहीचें पान उलटावें तसा एकावर एक थर चढत जातो, आणि जें सर्वांत जुनें तें सर्वांत तळाशीं राहतें. नदीच्या पात्रांत असें पान टिकत नाहीं, कारण पुढचा पूर मागचें लिहिलेलें खरवडून नेतो. म्हणून ही वही हवी असेल तर तळें जुनें पाहिजे, त्याचें पाणी संथ पाहिजे, आणि शक्य तर त्यांत पाणी येण्यास वाट असून जाण्यास वाट नसावी. म्हणजे आलेलें सगळें तेथेंच जमा राहतें.

येथेंच आपली अडचण आहे. आपला सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्यावरून वाहणाऱ्या नद्या खोल पात्रें कोरून पुढें जातात, पण नैसर्गिक तळीं करीत नाहींत. आपल्याकडचे तलाव बहुतेक मानवनिर्मित, आणि म्हणून वयानें लहान. राजस्थानांत तसें नाहीं. तेथील सांभर, दिडवाणा व लुणकरणसर या खाऱ्या तळ्यांच्या गाळांतील पराग तपासून गुरुदीप सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं थरच्या वाळवंटाच्या जुन्या हवापाण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, व तेव्हांपासून हिंदुस्थानांत या विद्येस चांगलें वळण लागलें. महाराष्ट्राला मात्र असें एकच तळें लाभलें आहे, आणि तेंही पृथ्वीच्या घडणीनें नव्हे, आकाशांतून पडलेल्या दगडानें.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पुष्कळांनीं पाहिलें असेल. नाशिक आणि लोणार हीं दोन्ही ठिकाणें विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, वीस अंशांच्या रेषेवर आहेत. लोणार पूर्वेकडे पावणेतीनशें किलोमीटरांच्या थोडें पलीकडे. लवणासुराचा वध विष्णूनें येथें केला अशी कथा असून गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ त्याच कथेचें आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. हें विवर जुन्या ज्वालामुखीचें तोंड असावें असें पुढें बराच काळ मानीत. परंतु विसाव्या शतकांतील तपासणीनें तें उल्कापातानें झालें असें ठरलें. कांठापासून कांठापर्यंत तें सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे व कांठापासून तळ सुमारें साडेचारशें फूट खोल आहे. त्याच्या वयाविषयीं विद्वानांत मोठा मतभेद आहे. एका पद्धतीनें तें सुमारें ५२,००० वर्षांचें ठरतें, तर दुसऱ्या पद्धतीनें सुमारें ५,७०,००० वर्षांचें. पण आपल्या कामास हा वाद आड येत नाहीं, कारण आपणांस हवा आहे तो गेल्या अकरा हजार वर्षांचा गाळ.

लोणारच्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट नाहीं. चहूंकडच्या उतारावरून पावसाचें पाणी उतरतें, गोमुखाची धार व इतर झरे त्यांत भर घालतात, आणि जें कांहीं जातें तें उन्हानें वाफ होऊन. वाफ जातांना खार मागें ठेवते. म्हणून पाणी खारट व फार तीव्र क्षारयुक्त आहे, आणि येथील खार काढून विकण्याचा धंदा पूर्वीं चालत असे. अशा तळ्याचा जमाखर्च अगदीं सरळ असतो. पाऊस चांगला झाला तर पाणी चढतें व खार पातळ होतो; पाऊस हटला तर पाणी उतरतें व खार घट्ट होतो. जून २०२० मध्यें हें पाणी एकाएकीं गुलाबी झाल्याची वार्ता सर्वत्र पसरली होती. पाणी उतरून खार वाढला व खाऱ्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव माजले, हें त्याचें कारण. तळ्याचा खार किती लवकर बोलूं लागतो याचें तें ताजें उदाहरण होय.

२००८ सालीं जर्मनींतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संस्थेच्या सुषमा प्रसाद व त्यांच्याबरोबरचे हिंदी व जर्मन शास्त्रज्ञ यांनीं लोणारच्या तळांत नळ्या दाबून गाळाचें उभें कांडें बाहेर काढलें. भरलेल्या पोत्यांत बंबू खुपसून व्यापारी मधला माल पाहतो, तीच ही रीत. फरक इतकाच कीं येथें थरांची उतरंड यत्किंचितही ढळतां कामा नये. कांड्याची लांबी सुमारें दहा मीटर, म्हणजे एका लहानशा विहिरीएवढी. या तेहेतीस फुटांत अकरा हजार वर्षें दडलेलीं आहेत. हिशेब केला तर एका हाताच्या वितीत सुमारें अडीचशें वर्षें येतात. हीच लोणारची बखर. आतां ती वाचावयाची कशी?

प्रथम पानांवर तारीख घालावी लागते. तारखेचें काम कर्ब करितो. झाड हवेंतून कर्बवायु घेतें, त्यांत चौदा वजनाच्या कर्बाचा अत्यंत सूक्ष्म अंश असतो. झाड जिवंत आहे तोंवर हा अंश भरत राहतो. पान गळलें कीं भरणें बंद होतें आणि असलेला अंश आपोआप झिजूं लागतो. ५७३० वर्षांत तो निम्मा होतो, पुढच्या ५७३० वर्षांत निम्म्याचा निम्मा. गाळांत सांपडलेल्या पानांत व लाकडाच्या तुकड्यांत तो किती उरला हें मोजलें कीं तें पान केव्हां गळलें हें कळतें. ही युक्ति १९४९ च्या सुमारास शिकागो येथें विलर्ड लिबी यांनीं काढली व तिच्याबद्दल त्यांस १९६० चें नोबेल पारितोषिक मिळालें. यांत एक खोंच आहे. खाऱ्या तळ्याच्या पाण्यांत जुना कर्ब विरघळलेला असतो; त्यांत वाढलेल्या शेवाळाची तारीख काढली तर तें आहे त्याहून शेंकडों वर्षें म्हातारें दिसतें. याकरितां तारखेस जमिनीवरच्या झाडांचीं पानें व लांकूड हींच विश्वासाचीं. आणखी एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. या शास्त्रांत ‘आजपासून इतकीं वर्षें मागें’ असें जेव्हां लिहितात तेव्हां ‘आज’ म्हणजे १९५० साल धरण्याचा संकेत आहे.

तारीख पडल्यावर मजकूर. लोणारच्या बखरींतील सर्वांत स्पष्ट अक्षर एका स्फटिकाचें आहे. त्याचें नांव गेलुसाइट. सोडा, चुना व पाणी यांच्या संयोगानें तो बनतो, पण पाणी पुष्कळ आटून खार फार घट्ट झाल्याशिवाय तो जमत नाहीं. गुऱ्हाळावर काहिलींतला रस विशिष्ट घट्टपणास आल्याखेरीज त्याला रवा धरत नाहीं, तसेंच हें आहे. ज्या थरांत गेलुसाइटचे खडे सांपडतात त्या काळीं लोणारचें तळें काहिलीसारखें आटत होतें, असें निःशंक समजावें.

दुसरें अक्षर परागांचें. फुलोऱ्यावर आलेल्या शेतांतून चालल्यास अंगरख्यावर जी पिवळी धूळ बसते ती वाऱ्यानें दूरवर जाते व पाण्यांत बुडते. परागाचें कवच इतकें चिवट असतें कीं चिखलांत हजारों वर्षें तें कुजत नाहीं, आणि निरनिराळ्या कुळांच्या झाडांचे पराग भिंगाखालीं बहुधा वेगळे ओळखतां येतात. कोणत्या काळीं झाडी दाट होती व कोणत्या काळीं गवत माजलें होतें, हें त्यांवरून समजतें. गवतांचे पराग मात्र एकमेकांसारखेच दिसतात, त्यामुळें मारवेल कोणतें व कुसळी कोणती हें त्यांवरून सांगणें कठीण.

तें काम तिसरें अक्षर करितें, आणि तें आम्हांस सर्वांत मौजेचें वाटतें. द्राक्षाच्या मण्यावर जो पांढुरका थर दिसतो तो मेणाचा असतो हें नाशिकच्या बागाईतदारांस माहीत आहे. असेंच मेण प्रत्येक झाडाच्या पानावर असतें. पान कुजतें, पण मेण पाण्याबरोबर वाहून गाळांत जाऊन बसतें व तेथें टिकतें. आतां झाडांच्या कर्ब खाण्याच्या मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. गहूं, भात, हरभरा, द्राक्ष व बहुतेक सर्व वृक्ष एका तऱ्हेचे. ज्वारी, बाजरी, मका, ऊंस आणि माळरानावरचीं बहुतेक गवतें दुसऱ्या तऱ्हेचीं. ही दुसरी तऱ्हा उन्हांत व थोड्या पाण्यांत अधिक काटकसरीची असते. दोन्ही तऱ्हांच्या झाडांत तेरा वजनाच्या कर्बाचें प्रमाण भिन्न असल्यामुळें, मेणांतील कर्ब तोलला कीं त्या काळीं खोऱ्यांत झाडीचें राज्य होतें कीं गवताचें, हें उघड होतें.

हीं तिन्ही अक्षरें जुळवून जो मजकूर लागला तो असा. सुमारें अकरा हजार वर्षांपूर्वीं पावसाळा जोरावला व पुढें कित्येक हजार वर्षें लोणारच्या भोंवतीं आजच्यापेक्षां अधिक ओलावा व अधिक दाट झाडी होती. सुमारें सहा हजार वर्षांपूर्वींपासून पावसाचा जोर ओसरूं लागला आणि जंगल मागें हटून त्याच्या जागीं विरळ झाडांचें गवताळ रान पसरलें. त्यानंतर दोन मोठे कोरडे कालखंड आले. पहिला सुमारें ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींचा, म्हणजे सातशें वर्षांचा. दुसरा सुमारें २००० ते ६०० वर्षांपूर्वींचा, म्हणजे चौदाशें वर्षांचा. या दोहोंतही गेलुसाइटचे खडे सांपडतात. हे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले.

पुढें २०२१ सालीं याच गाळावरून आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडण्यांत आली. दख्खनचीं उघडीं माळरानें म्हणजे माणसानें तोडून जाळून उजाड केलेलें जंगल, असा एक समज फार दिवसांपासून रूढ आहे. लोणारच्या गाळांत पराग, कोळशाचे कण व इतर खुणा एकत्र तपासल्या तेव्हां असें दिसलें कीं जंगल हटलें तें वणव्यांनीं किंवा कुऱ्हाडीनें नव्हे, पाऊस दुबळा झाल्यामुळें. आणि शेती व स्थायी वस्ती आली ती त्या नंतर. रान मोकळें झालें म्हणून नांगर आला, नांगर आला म्हणून रान मोकळें झालें नाहीं, असा याचा अर्थ. आमच्या मतें येवला, नांदगांव, सिन्नरकडच्या माळांस ‘पडीक’ म्हणून हिणविण्यापूर्वीं या गोष्टीचा विचार झाला पाहिजे.

पाऊस ओसरला तो कां, याचें मुख्य कारण आकाशांतलें आहे. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरतांना वर्षांतून एकदां त्याच्या सर्वांत जवळ येते. सांप्रत ती वेळ जानेवारीच्या आरंभीं येते. सुमारें अकरा हजार वर्षांपूर्वीं ती आपल्या उन्हाळ्यांत येत असे. त्यामुळें त्या काळीं जमीन अधिक तापे व समुद्राकडचें वारें अधिक जोरानें ओढलें जाई. ही वेळ सरकत गेली तसा मान्सून सैल झाला. पण या सावकाश उतारावर सातशें व चौदाशें वर्षांचे खळगे कसे पडले, याचा संबंध हें संशोधन करणारे प्रशांत महासागराच्या पश्चिमेकडील उष्ण पाण्याशीं लावतात.

एका तळ्याच्या साक्षीवर सगळ्या दख्खनचा निकाल लावणें योग्य नव्हे, असें कोणी म्हणेल व तें रास्तच आहे. दुसरा साक्षीदार नाशिककरांच्या अधिक जवळचा आहे. त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते, आणि वाटेंत उचललेली माती समुद्रांत नेऊन टाकते. तो समुद्रतळ म्हणजे सगळ्या गोदाखोऱ्याचें सामाईक तळेंच होय. २००६ सालीं समुद्राखालीं इंधनवायु कोठें आहे हें शोधण्यासाठीं सरकारतर्फें एक जहाज गोदामुखाबाहेर गेलें होतें. त्यानें सव्वा किलोमीटरांहून खोल पाण्याखालून जो चिखल वर काढला त्यांतील एक कांडें अमेरिकेंतील वुड्स होल येथील संशोधकांनीं तपासलें. शोध इंधनाचा होता आणि हातीं इतिहास लागला! त्यांतील पानांच्या मेणानें २०१२ सालीं अशी साक्ष दिली कीं सुमारें ४००० वर्षांपूर्वींपासून १७०० वर्षांपूर्वींपर्यंत गोदाखोऱ्यांत कोरड्या हवेंत तगणाऱ्या वनस्पति क्रमाक्रमानें वाढत गेल्या, आणि त्यानंतर त्या तशाच टिकून राहिल्या.

लोणार व गोदामुख यांच्या तारखा तंतोतंत जुळत नाहींत हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. लोणारांत पहिला दुष्काळ जेथें संपतो तेथें गोदामुखीं कोरडेपणाची चढण सुरू होते. आम्हांस यांत फार मोठा विरोध दिसत नाहीं. लोणार एका विवराच्या पाण्याची पातळी सांगतें, तर गोदावरीचा चिखल सव्वातीन लाख चौरस किलोमीटरांच्या आसपासच्या खोऱ्यांतील झाडोऱ्याची सरासरी देतो. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्यांत इगतपुरीस तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो व येवल्यास त्याच्या पंचमांशाहूनही कमी. मग एवढ्या खोऱ्यांत सर्वत्र एकच ताल कसा असेल? ओलाव्याकडून कोरडेपणाकडे, ही दिशा मात्र दोन्ही साक्षींत एकच आहे.

समुद्राच्या त्या चिखलानें पुढें जी हकीकत सांगितली ती शेतकऱ्यांनीं विशेष काळजीनें वाचावी. पाऊस कमी झाला तर नद्यांचें वाहणें कमी होईल व मातीही कमी वाहून जाईल, असें सहज कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत उलट घडलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत असें आढळलें कीं पावसाळा दुबळा होत गेला तसतशी गोदावरीनें समुद्रांत नेलेली माती वाढत गेली. शिवाय ती माती कोठची याचाही पत्ता लागला. खालच्या खोऱ्यांतील अतिप्राचीन खडकांची माती आणि आपल्या काळ्या पाषाणाची माती यांत कांहीं दुर्मिळ धातूंची घडण वेगळी असते. त्यावरून पाहतां दख्खनच्या काळ्या मातीचा वांटा वाढलेला दिसतो. आणि त्या मातींतला सेंद्रिय कर्ब पूर्वींपेक्षां जुन्या वयाचा निघाला. म्हणजे नुसती वरची धूळ गेली नाहीं. घळी पडून खालची, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली मातीही सुटली.

याचें कारण कोणत्याही उघड्या बांधावर उभें राहिलें तरी दिसण्याजोगें आहे. आपला पाऊस वर्षभर झिमझिमत नाहीं. तो थोड्या दिवसांत, सरींनीं कोसळतो. झाडोरा दाट असला म्हणजे त्या सरींचा मार पानें घेतात व मुळें माती धरून ठेवतात. बेरजेनें पाऊस घटला, झाडोरा विरळ झाला, तरी वळवाच्या सरीचा मार घटत नाहीं. आणि तो आतां उघड्या जमिनीवर पडतो. या नैसर्गिक झिजेंत पुढें माणसानें भर घातली असें हेच संशोधक सांगतात: प्रथम नवाश्मयुगांतील शेतीनें, व नंतर लोखंडाचें अवजार हातीं आल्यावर शेती फैलावली तिनें. रान विरळ केलें पावसानें, पण माती गेली तींत नांगराचा हात होता, असा हा दुहेरी निवाडा आहे. तो आपणांस पूर्ण निर्दोष ठरवीत नाहीं आणि पूर्ण दोषीही ठरवीत नाहीं.

ज्यांनीं ही कोरडी चढण प्रत्यक्ष चढली त्या शेतकऱ्यांचीं घरें आपल्याच खोऱ्यांत उकरलेलीं आहेत. ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनीं १९५०-५१ सालीं नाशिक येथें गोदाकांठच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळ प्रवरेकांठीं जोर्वे येथें उत्खनन केलें. जोर्व्याच्या नांवानेंच पुढें ती सगळी ताम्रपाषाणयुगीन संस्कृति ओळखली जाऊं लागली. तिचा सर्वांत भरपूर तपशील शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें मिळाला. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ अशीं तेथें खणणी केली. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० अशीं नऊशें वर्षें तेथें वस्ती होती. लोक सातू, गहूं, ज्वारी, मसूर, कुळीथ पेरीत. पुराचें पाणी वळविण्यास त्यांनीं चर खणला होता व बांध घातला होता. इसवी सनापूर्वीं १००० पर्यंत त्यांचीं घरें ऐसपैस, चौकोनी. त्यानंतर लहान गोल झोंपड्या दिसतात, गहूं कमी होतो, शिकारीवर व रानांतल्या वेच्यावर भर पडतो, आणि ७०० च्या सुमारास गांव ओस पडतें. म. के. ढवळीकर यांनीं या अवनतीचें कारण घटता पाऊस हें दिलें होतें. तेव्हां त्यांच्या हातीं समुद्रतळचा चिखल नव्हता. तो मिळाल्यावर त्यांच्या म्हणण्यास पुष्टि आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु कोरडें युग आलें कीं माणसें बुडालींच, असा सिद्धान्त यावरून कोणीं काढूं नये. लोणारचा दुसरा कोरडा काळ घ्या. संकेतानुसार वर्षें मोजलीं तर तो इसवी सनापूर्वीं पन्नासपासून इसवी सन १३५० च्या आसपास संपतो. म्हणजे सातवाहनांच्या भरभराटीपासून यादवांच्या अंतापर्यंतचा सारा वैभवकाळ त्यांत येतो! पांडवलेण्यांतील दानलेख त्याच काळचे. सिन्नरसारख्या कमी पावसाच्या मुलखांत गोंदेश्वराचें भव्य देऊळ उभें राहिलें तें याच कालखंडाच्या उत्तरार्धांत. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील एक लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्याकरितां नाशिकच्या श्रेण्यांकडे कायम ठेव म्हणून पैसे ठेवल्याचें त्यांत लिहिलें आहे. त्या श्रेण्यांत कुंभार आहेत, तेली आहेत, आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणून एक श्रेणी आहे. तिच्याकडे दोन हजार कार्षापण ठेविले होते. ओदयंत्रिक म्हणजे पाणी चढविण्याचीं यंत्रें करणारे, असा अर्थ पंडित करितात. तळें आटत असतांना ज्या गांवीं पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांची पेढी ठेव घेण्याइतकी भक्कम होती, त्या गांवानें कोरड्या काळाशीं कांहीं तडजोड केली होती असें आम्हांस वाटतें. हा आमचा तर्क आहे; लेखांत पावसाविषयीं अवाक्षर नाहीं.

गाळाच्या बखरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. चौदाशें वर्षांचा कोरडा काळ म्हणजे चौदाशें दुष्काळ नव्हेत; त्यांत चांगलीं सालें पुष्कळ गेलीं असतील. गाळ शतकांची भाषा बोलतो, सालांची नव्हे, आणि त्याच्या तारखांत पांचपन्नास वर्षांचें मागेंपुढें सहज होतें. एकेका सालाच्या जवळ जाणारी बखर गुहांतील चुन्याच्या स्तंभांत सांपडते. बस्तरमधील दंडक गुहेंतल्या अशा एका स्तंभावरून इसवी सन ६०० ते १५०० या काळाचा पाऊस मोजून २००७ सालीं प्रसिद्ध करण्यांत आला. त्यांत चौदाव्या व पंधराव्या शतकांत दीर्घ अवर्षणें दिसतात. आपल्याकडे १३९६ पासून बारा वर्षें चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरा सांगतात ती याच सुमाराची. परंपरेंतील ‘बारा वर्षें’ हा आंकडा नुसता बोलण्याचा प्रकार म्हणून सोडून देण्याची घाई यापुढें करतां येणार नाहीं.

या सगळ्याचा आजच्या शेतीशीं संबंध काय, असें विचारणारास आमचें उत्तर असें आहे. आपण ज्यास ‘सरासरी पाऊस’ म्हणतों ती फार मोठ्या वहीच्या शेवटच्या एका पानाची सरासरी आहे. त्या पानावर १८९९, १९१८, १९७२ अशीं वाईट सालें आहेत, पण तीं सुटीं सुटीं. वाईट सालांची रांग कशी असते हें त्या पानावर लिहिलेलें नाहीं. मागच्या पानांवर आहे. इनामगांवच्या शेतकऱ्यांस हवापाणी हेंच एक संकट होतें. आज आपण त्याच मुलखांत ऊंस, द्राक्ष, उन्हाळी कांदा काढतों, तो धरणांच्या व विंधनविहिरींच्या जोरावर; आणि विंधनविहिरीचें पाणी म्हणजे मागच्या पावसाची शिल्लक. शिल्लक एका वाईट सालासाठीं असते. लागोपाठच्या दहांसाठीं किती पुरेल याचा हिशेब आपल्या कोणत्याही नियोजनांत मांडलेला आम्हीं पाहिला नाहीं. कोरड्या काळांत माती अधिक जाते, हें तर आपल्या बांधबंदिस्तीच्या सर्व विचारास उलटें करणारें आहे. बांध आपण पाण्यासाठीं घालतों आणि पाऊस कमी असला कीं दुरुस्ती पुढच्या सालावर टाकतों. गोदामुखाचा चिखल सांगतो कीं बांधाची खरी गरज त्याच सालीं असते. कारण जमीन उघडी असते आणि पहिली सर पूर्वींइतकीच जोराची असते.

हें पाहण्यास लोणारास किंवा समुद्रावरच जावें लागतें असें नाहीं. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर येथें १९०७ ते १९१३ च्या दरम्यान बंधारा झाला. त्यानें पाणी अडविलें तसा गाळही अडविला. बेटें झालीं, वेत-गवत माजलें, पक्ष्यांचे थवे उतरूं लागले, आणि २०१९ सालीं ती महाराष्ट्रांतील पहिली रामसर पाणथळ ठरली. पक्षी पाहण्यास लोक लांबून येतात हें चांगलेंच आहे. पण ज्या बेटांवर ते बसतात तीं दिंडोरी, निफाड, नाशिक या तालुक्यांच्या वावरांतून शंभर वर्षांत सुटलेली माती आहे, हेंही पाहणारानें पाहावें.

लहान तलावांत तर ही बखर दर उन्हाळ्यास उघडी पडते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेखालीं ठिकठिकाणचा गाळ निघून शेतांत गेला. गाळ काढण्याचें काम चालूं असतां एका बाजूचा काप फावड्यानें उभा तासून घ्यावा, एक दिवस सुकूं द्यावा आणि वरून खालीं पाहत यावें. जाड रेतीचा पट्टा हा मोठ्या लोंढ्याचा; बारीक गुळगुळीत चिकण थर हा संथ, भरलेल्या वर्षांचा; आणि जेथें मातींत उभ्या भेगा पडून त्यांत वरची वेगळ्या रंगाची माती भरलेली दिसेल, तेथें त्या सालीं तलावाचा तळ उन्हास उघडा पडला होता असें समजावें. तलाव केव्हां बांधला हें माहीत असतेंच. थर मोजून, टेप लावून, एका कागदावर उतरून घ्यावे व गांवच्या पर्जन्याच्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. यास एका माणसाची एक सकाळ लागते, आणि गाळ एकदां शेतांत पसरला कीं मग तें वाचतां येत नाहीं.